घेणारी

"हितं कोन हाय का, आप्पा?" त्या पोरानं विचारलं आणि शांतवननं मान वर न करता सांगितलं, "न्हाई. कोन न्हाई. बस."

रत्नमाला तेव्हा दौंडच्या एसटीत चढून दोन पावलं आत आली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं वरचा दांडा धरलेला. शब्द तिला स्वच्छ ऐकू आले. शिरूरच्या स्टँडवर शनिवारी दुपारच्या गाडीला नेहमीच झुंबड असते, मागून एका बाईची टोपली तिच्या कमरेत रुतत होती आणि कंडक्टर पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडत होता. नवऱ्यानं एक दिवस शेजारी जागा दिली नाही म्हणून काही आभाळ कोसळत नाही. दुसरी एखादी असती तर तिथल्या तिथं म्हणाली असती, ‘अहो, मी काय दिसत नाही का?’ आणि अख्खी गाडी हसली असती. पण रत्नमाला दांडा धरून तशीच उभी राहिली. ते पोरगं ऐसपैस बसलं, मांडीवर रोपांचं खोकं घेतलं, आणि शांतवननं खिडकीतून आत टाकलेला निळ्या चौकड्यांचा रुमाल सीटवरून उचलून, नीट घडी घालून खिशात ठेवला. मग तो बाहेर बघू लागला. बाहेर रसवंतीचं गुऱ्हाळ आणि एक बंद पडलेली गाडी सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

जागा धरणं हे शांतवनचं काम होतं. लग्न होऊन ती दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हापासून. गाडी फलाटाला लागायच्या आत तो पळायचा, खिडकीतून रुमाल टाकायचा, गर्दीतून आत घुसायचा, चार शिव्या खायचा, आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून बसायचा. ती मागून निऱ्या सांभाळत सावकाश यायची. त्याचे गुडघे गेले, केस गेले, नोकरीतून निवृत्त झाला, तरी पळणं सुटलं नाही. दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत तो रुमाल प्रसिद्ध होता, आणि त्याला प्रसिद्ध तिनंच केलं होतं. लग्न ठरलेल्या मुलींना शिकवण द्यायचं काम पाळकसाहेबांनी रत्नमालाकडे सोपवून बरीच वर्षं झाली होती. ख्रिस्त हा वर, मंडळी ही त्याची वधू, आणि नवऱ्याची माया म्हणजे देवाच्या मायेचं चित्र. हेच पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगत तेव्हा मागच्या बाकांवर जांभया येत. रत्नमावशी सांगायची तेव्हा मुली रडायच्या. "तुमचे काका पुढं पळतात, धक्के खातात, माझ्यासाठी जागा धरतात. मी मागून जाते आणि बसते. प्रभूनं आपल्यासाठी हेच केलंय, बाळांनो. आपण फक्त जाऊन बसायचं." मग ती शांतवनकडे बघायची, तो लाजून चपलेत पाय घालायचा आणि उगाच बाहेर जाऊन यायचा. चालतं-बोलतं शास्त्र आहेत दोघं, असं लोक म्हणत.

न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत ती उभीच होती. तिकिटं शांतवननंच काढली, तिचं अर्धं आणि आपलं पूर्ण, आणि तिच्याकडे न बघता मागं हात करून तिचं तिकीट दिलं. रागाचा माणूस असा वागत नाही. राग असता तर तिला कळला असता. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत तो दोनदाच रागावला होता आणि दोन्ही वेळा तासाभरात स्वतःच येऊन चहा करू का म्हणाला होता. हे वेगळं होतं. त्या ‘कोन न्हाई’मध्ये खोटेपणाही नव्हता, टोमणाही नव्हता. एखाद्यानं किती वाजले विचारावं आणि आपण घड्याळ बघून सांगावं, इतकं ते सरळ होतं. तिच्या मनात आलं, यांना खरंच तसं दिसलं असेल. ही जागा रिकामी आहे. ही जागा केव्हापासूनच रिकामी आहे. आणि यांना आज पहिल्यांदा ते कळलं.

कारण ते खरं होतं. रत्नमालाचं शांतवनवर कधी प्रेम बसलं नव्हतं. दुसरं कोणी होतं म्हणून नव्हे. दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटायचं. ते पाप ठरलं असतं, पापाला पश्चात्ताप असतो, गुडघे टेकून रडता येतं. इथं रडायला काहीच नव्हतं. लग्नाच्या आधी आई म्हणाली होती, "माणूस चांगला आहे. माया काय, लागते हळूहळू." तिनं वाट पाहिली. दुधाला विरजण लावून झाकून ठेवावं आणि सकाळी झाकण काढून बघावं, तसं ती पहिली काही वर्षं रोज सकाळी आपल्या मनाकडे बघायची. दूध दूधच. शांतवन मालगाडीचा गार्ड होता. मनमाडकडून, सोलापूरकडून कधीही यायचा, आणि ती झोपली असेल म्हणून कडी न वाजवता ओट्यावर डबा उशाला घेऊन पडायचा. पहाटे दार उघडलं की समोर हा माणूस, कोळशाच्या धुळीनं माखलेला, झोपेत शहाण्या मुलासारखा दिसणारा. तिला त्याची दया यायची, त्याच्याबद्दल आदर वाटायचा, त्याचा डबा ती मन लावून भरायची. मुलगा झाला, शिकला, पुण्याला गेला. एकदा तिला कावीळ झाली तेव्हा शांतवननं रजा टाकली, तिचं डोकं विंचरलं, तिला उसाचा रस चमच्यानं पाजला. त्या दुखण्यात, डोळ्यांपुढं सगळं पिवळं असताना, त्याचा चेहरा वाकून जवळ आला आणि तिनं मनाला अक्षरशः ढकललं: आता तरी. आता तरी काहीतरी वाट. काही वाटलं नाही. फक्त वाटलं, किती करतात. आणि त्या ‘किती करतात’च्या मागं एक बारीकसा कंटाळा होता, तो तिनं मरेपर्यंत कोणाला सांगितला नसता.

मग तिला ते चित्र सापडलं. तेव्हाच्या पाळकबाई बायकांच्या सभेत शिकवत होत्या, की वधू काही करत नाही. वरच तिला शोधतो, वरच तिची किंमत भरतो, तिला धुतो, नेसवतो, घरी नेतो. वधूचं काम घेणं. रत्नमाला त्या दिवशी घरी आली ती जवळजवळ पळतच. इतकी वर्षं ज्याला ती आपलं व्यंग समजत होती ते व्यंग नव्हतंच, ती शिकवण होती! नवरा देतो, बायको घेते. देव देतो, मंडळी घेते. कोणी मनाचं झाकण काढून बघा असं सांगितलंच नव्हतं. इतकी हलकी ती त्याआधी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. आपल्या कोरडेपणावर तिनं ते वचन लुगड्यासारखं नेसलं आणि मग तेच इतरांना नेसवत गेली. देवाशीही तिचं तसंच जमलं. प्रार्थना तिला सुरेख यायची. तिच्या प्रार्थनेला बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्याचं आपल्यावर प्रेम आहे याबद्दल तिला कधी शंका आली नाही. आपलं त्याच्यावर आहे का, हे विचारायची पाळीच आली नाही.

आज ती पाळी आली होती. शितलच्या घरी, शिरूरला, पत्र्याच्या खोलीत, जिथं ती शांतवनला घेऊन लग्नाआधीची शिकवण द्यायला गेली होती. शितल एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून तिची बोटं कायम डिंकाळ असायची. रांजणगावच्या कंपनीत काम करणाऱ्या अनुग्रहशी तिचं ठरलं होतं. दौंडच्या देवळात सलग तीन रविवार लग्नाचा पुकार होतो, म्हणजे पाळकसाहेब भर उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात; त्यातले दोन होऊन गेले होते. आई दुसऱ्यांदा चहा टाकायला आत गेली आणि शितल हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू? तो चांगला हाय. लय करतो माझ्यासाठी. कंपनीतनं सुटला की लॅबच्या बाहेर उभा असतो, पाऊस असो का काय असो. पण मला काहीच वाटत न्हाई. फोन वाजला की वाटतं, कशाला आला आता. असं चालतं का?"

समोर आपणच बसलोय, इतक्या वर्षांपूर्वीच्या, हे रत्नमालाला दिसलं होतं. शितल पुढं म्हणाली, "उद्या शेवटचा पुकार हाय. तुम्ही नको म्हणालात ना, तर मी आईला आत्ता सांगते. आई ऐकंल तुमचं."

खरं बोलायला एवढी मोकळी वाट देवानं याआधी कोणाला दिली नसेल. आणि रत्नमाला हसली. तिनं मुलीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वेडे, तुला काय वाटायची गरजच नाही. वाटणं हे त्याचं काम. आपण घ्यायचं. माझंच बघ की. इतकी वर्षं झाली, मी काय केलं तुझ्या काकांसाठी? ते करतात, मी घेते. आत काही वाटो न वाटो. अडलं का काही?" शितलचे खांदे खाली आले. हुश्श झालं तिला. तेवढ्यात ओट्यावर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. शांतवन तिथंच होता, दाराच्या पलीकडं, पाठ भिंतीला टेकून. नेहमी या वेळेला तो चक्कर मारायला जायचा. आज ऊन होतं म्हणून गेला नव्हता.

मांडवगणच्या पुढं गाडी थोडी रिकामी झाली. ते रोपवालं पोरगं उठलं, त्याला वडगाव रासाईला जायचं होतं, पुढच्या फाट्यावर जीप मिळते का बघतो म्हणालं. उठताना त्यानं रत्नमालाला पाहिलं आणि विचारलं, "आत्या, तुमी का आप्पांबरोबर? सांगायचं न्हाई व्हय! मी उभा ऱ्हायलो असतो की." शांतवन त्याच्याकडं बघून नुसता हसला. जागा मोकळी झाली. तिला बसता आलं असतं. कोणी बस म्हणालं नाही आणि नको म्हणालं नाही. ती भीमेच्या पुलापर्यंत उभीच राहिली आणि पूल आल्यावर मागच्या बाकावर एका गाठोड्याशेजारी टेकली. नदीत पाणी होतं, काठानं ऊस होता, उसावर सांजेचं ऊन होतं, आणि तिला भयंकर भीती वाटत होती. चित्र खरं असेल, तर ते पुरतं खरं असणार. अर्धंच कसं खरं असेल? शेवटच्या दिवशी ती प्रभूच्या दाराशी सावकाश, निऱ्या सांभाळत जाईल. कोणीतरी आत विचारेल, इथं कोणी आहे का? आणि तो, जो जन्मभर तिच्यासाठी पुढं पळाला, तो खोटं न बोलता सांगेल, नाही, कोणी नाही. त्यात राग नसेल. राग असता तर पाय धरता आले असते.

दौंडला उतरून दोघं घरी आले. त्यानं कुलूप काढलं, दिवा लावला, मोरीत जाऊन पाय धुतले, खाटेवर बसला. रत्नमालानं चहा ठेवला. चहा नेहमी तो ठेवायचा; आज तो उठला नाही. तिला साखरेचा डबा पटकन सापडला नाही. कप त्याच्या हातात देऊन ती खाली जमिनीवर बसली.

"तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली.

"हां."

"अहो, ते मी शिकवण म्हणून बोलले. शितलला धीर यावा म्हणून."

"शिकवण बरोबरच हाय," शांतवन म्हणाला. "मी काय चूक म्हणत न्हाई."

"मग रागावलात का?"

"राग न्हाई गं." तो चहाकडं बघत होता. "मला वाटायचं, तू बोलत न्हाईस. कुणाकुणाचा स्वभावच तसा असतो, आत असतं आन् बाहेर येत न्हाई. मी लोकांना सांगायचो पन तसं. रत्ना बोलत न्हाई, पन मन मोठं हाय तिचं." तो थांबला. "आत काई नव्हतंच, हे मला म्हाईत नव्हतं."

नाही म्हणावं, आहे म्हणावं, इतकं साधं खोटं होतं ते. आयुष्यभर ती याहून मोठं खोटं गोड आवाजात बोलत आली होती. पण समोरासमोर, रिकाम्या खोलीत, तिला ते जमेना. तिनं मान खाली घातली.

"तू मला प्रभूच्या जागी बसवलंस, रत्ना," तो म्हणाला, आवाज अजिबात न चढवता. "त्याला चालत असंल. तो देव हाय. मी मालगाडीचा गार्ड. मला लागतं गं. थोडं जरी असतं, तरी चाललं असतं."

तिनं हात पुढं केला आणि त्याच्या हातावर ठेवला. काहीतरी करायला हवं होतं. हात तिथं पडून राहिला, भाजीबाजारात कोणाची तरी विसरलेली पिशवी पडून राहावी तसा. तिनं मनाच्या तळाशी खरवडून पाहिलं. दया होती, लाज होती, धाक होता. शांतवननं थोडा वेळ वाट पाहिली, हे तिला कळलं, कारण तो श्वास रोखून बसला होता. मग त्यानं दुसऱ्या हातानं तिचा हात थोपटला, हळूच बाजूला ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. दमलीस तू पन." इतक्या प्रेमानं तो याआधीही बोलला असेल, पण तिचं लक्ष नव्हतं.

तिला पुन्हा पुन्हा एकच वाटत होतं: त्याला चालत असंल, असं हे म्हणाले. चालत असेल? हे यांना कोणी सांगितलं? दौंडच्या त्या दगडी देवळात शंभर वर्षं लोक येतायत, रेल्वेवाले, त्यांच्या बायका, बारशी, लग्नं, मेलेल्याला माती देतानाची उपासना. सगळे घ्यायला येतात आणि घेऊन जातात, आणि तो असा खाटेवर कप धरून बसलेला असेल तर? श्वास रोखून? तिला देवाबद्दल जन्मात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते प्रेम नव्हतं. त्याच्यासाठी वाईट वाटलं. तेही फार वेळ टिकलं नाही. तिनं फोन उचलून शितलचा नंबर काढला. काय सांगणार? ‘मी खोटं बोलले’ म्हणावं, तर कशावरून म्हणून विचारेल. मग सगळं सांगावं लागेल, ओट्यावरचं, काविळीतलं, आणि शितल आईला सांगेल, आई बायकांच्या सभेला. तिनं फोन पालथा ठेवला. उद्या देवळात सांगू, तिनं ठरवलं. पुकार होईल तेव्हा सांगू. तोच तर नेम आहे हरकत सांगायचा.

रविवारी देऊळ भरलं होतं. शितल पुढच्या बाकावर, डोक्यावर पांढरी ओढणी, शेजारी आई. पलीकडच्या बाजूला अनुग्रह, कंपनीत मिळालेलं जाकीट घालून, मान वळवून वळवून तिच्याकडं बघणारा. त्याला लपवायलाही येत नव्हतं. रत्नमाला आणि शांतवन आपल्या नेहमीच्या बाकावर होते. पाळकसाहेबांनी चष्मा लावला. "आपल्या मंडळीतले अनुग्रह आणि शितल यांच्या लग्नाचा हा तिसरा आणि शेवटचा पुकार. या लग्नाला कोणाची योग्य हरकत असेल, तर त्यांनी आत्ता बोलावं."

आणि रत्नमाला उभी राहिली. आधी शेजारचे, मग सगळे बघू लागले. शितलनं वळून पाहिलं. रत्नमालाच्या ओठांवर शब्द होते: थांबा, या मुलीच्या मनात काही नाही, आणि माझ्याही कधी नव्हतं. ही कसली हरकत? नात्यातलं लग्न नाही, पहिली बायको नाही, वय कमी नाही. मनात काही नाही ही हरकत कोणत्या कायद्यात बसते? तरी ती बोलणार होती. खरोखर बोलणार होती.

पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. "बघा, मावशींना राहवलं नाही," ते म्हणाले, आणि देवळातून हलकं, मायेचं हसू फिरलं. "शिकवण त्यांनीच दिलीय. मावशी, तुम्हीच या दोघांसाठी प्रार्थना चालवा." एकदम सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शितलची, अनुग्रहची, शांतवनची.

रत्नमालानं तोंड उघडलं. "प्रेमळ स्वर्गीय बापा," ती म्हणाली.

मग थांबणं तिच्या हातात राहिलं नाही. शब्द आपले आपण येत होते, घासूनपुसून लख्ख झालेले, एकामागून एक. तू आम्हांवर आधी प्रेम केलंस. आम्ही लायक नसताना केलंस. या मुलाला तुझ्यासारखं प्रेम करायला शिकव, या मुलीला ते आनंदानं घ्यायला शिकव. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं क्षणभर थांबायचं, हे तिला न शोधता सापडत होतं. बायकांचे हुंदके ऐकू येऊ लागले. ती स्वतःची प्रार्थना ऐकत होती आणि ती खरंच सुरेख होती. आजवरच्या सगळ्यांत सुरेख असेल.

"आमेन," सगळं देऊळ म्हणालं. शांतवन म्हणाला नाही. माना वर झाल्या तरी तो डोळे मिटून, हात गुडघ्यांत धरून तसाच बसला होता, अजून कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबल्यासारखा. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. पुढच्या बाकावरून शितलनं मागं वळून पाहिलं. तिचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं होतं. ती मावशीकडं बघून हसली.

रत्नमालाही तिच्याकडं बघून हसली.